विहिरीचा पाठ

१० जानेवारी १९७२, सोमवार
आज वर्गात बाकावर बसलो. शिपाई म्हणून नाही, पोरगा म्हणून. मास्तर व्हायला आलेले इथं आधी एकमेकांनाच शिकवून पाहतात. एक गुरुजी, बाकीचे चौथीतली पोरं. आज तापामुळे निम्मे बाक रिकामे. धोटे सर म्हणाले, "सुखदेव, ये, बस." सर चिठ्ठ्या वाटतात. कोणाला 'झोप येते', कोणाला 'खोड्या काढणे'. मला निघाली 'अडचणीचा प्रश्न विचारणे'.
देवराव शिकवत होता. गावची विहीर सर्वांची असते, म्हणाला. मी हात वर केला.
"मंग आमच्या बौद्धपुऱ्याची येगळी काहून हाये गुर्जी?"
काहीतरी बनवून विचारायचं होतं. हा आपोआप निघाला.
देवराव फळा पुसत राहिला. कोराच होता.
सर खूश. "असा प्रश्न वर्गात येणारच. तयारी पाहिजे."
आठ महिने झाले इथं. पुसदकडचा, चौथी पास, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

११ मंगळवार
सरांचा हुकूम. प्रत्येकानं तोच पाठ घ्यायचा, मी तोच प्रश्न विचारायचा. आज पाच जण झाले.
एक म्हणे, "ते पूर्वीच्या काळी होतं." मागच्या उन्हाळ्यात आमच्या त्या विहिरीचा गाळ मीच काढला.
एक, "परीक्षेत येत नाही. बस खाली."
एक, "घरी बापाले विचार." सगळे हसले. मीपण हसलो.
कुसुमताई रडकुंडीला आली. "सुखदेव, जरा हळू विचार ना गा."
पाचव्यांदा विचारताना आवाज माझा वाटेना.

१३ गुरुवार
पाण्याचा माठ सकाळी मी भरतो. पाच वाजता पाहिलं तर गळ्यापर्यंत तसाच. थंडी आहे, असेल.
देवराव जेवायला आला नाही. जुलैपासून रोज माझ्या खोलीवर, भाकरी माझी, भाजी त्याची. "पाठाचं टाचण काढून राहिलो," म्हणे. उद्या संक्रांत, घरी सावनेरला जाणार आहे.
एकटा जेवलो. मायचं पत्र नाही. तिले लिहिता येत नाही, लिहून देणारा गावाला गेला असेल.

१५ शनिवार
माठ तसाच. तिघं घरून तांब्या घेऊन येतात. थंडीचं नाही मग.
सरांना म्हटलं, मले आता नका बसवू. चष्मा पुसत म्हणाले, "अरे, तुझ्यामुळे हे लोक तयार होतायत." माणूस चांगला आहे. रागावता येत नाही त्याच्यावर.
"मंग सर, खरं उत्तर काय?"
"उत्तर आपण द्यायचं नसतं. मुलांना बोलतं करायचं अन् ऐकायचं."
मी तर बोललो. ऐकणारे…
सहा वर्षांचा होतो तेव्हा, दीक्षेच्या दिवशी, बाबाच्या खांद्यावरून हे शहर पाहिलं होतं. सगळे पांढऱ्या कपड्यांत. वाटलं, इथं सगळे आपलेच राहतात.

१७ सोमवार
दे. सायकली ठेवतात तिथं सापडला.
म्हणे, "पयलेच काहून नाही सांगतलं?"
"तू विचारलं कधी?"
दिवाळीत त्याच्या घरी गेलो होतो. त्याच्या मायनं हातानं वाढलं. नाही म्हटलं तरी वाढलं.
म्हणे, "मायले सांगतलं सनाच्या दिवशी. उठली अन् घरातली सारी ताटं राखेनं घासून काढली."
दिवाळीची ताटं, संक्रांतीले.
"अन् तू?"
म्हणाला, "पानी शेंदून देत होतो."

१९ बुधवार
दे.चा खरा पाठ, शहराबाहेरच्या खेड्यातल्या शाळेत. नकाशा मी सायकलवर नेला. सरांच्या बाजूला मागं बसलो. पोरांपैकी कोणी काही विचारलं नाही. विहिरीच्या वाक्याशी दे. थांबला. मग त्यानंच विचारलं.
"आपल्या गावात विहिरी किती?"
"दोन."
"दोन काहून?"
"येक आमची, येक त्याईची."
"त्याईची म्हंजे कोनाची?"
कोपऱ्यातून एक पोरगी उठली. "आमची." अन् बसली.
मग गलका. दे.नं गप्प केलं नाही. ऐकत राहिला. मग स्वतःच सांगू लागला. एक दोस्त घरी जेवला होता, कोण ते मागून समजलं, तर मायनं ताटं घासली. नाव घेतलं नाही. माझ्याकडं पाहिलं नाही.
तीच पोरगी, "मंग तुमी काय केलं गुर्जी?"
दे. फळा पुसायला वळला. तेवढ्यात घंटा झाली.
सरांचा शेरा, पाठ अपुरा. सोमवारी तिथंच पुरा करावा.

२१ शुक्रवार
संध्याकाळी दे. आला. दारातच उभा.
"ते पोरगी सोमवारी विचारन."
"विचारनच."
"सांगू?"
"मले काहून इचारतं?"
"तू मांगं बसून राहशीन ना."
"मंग नकाशा कोन नेईन?"
उंबऱ्यावर बसला. आत नाही, बाहेर नाही. मी ये म्हटलं नाही. म्हणायचं होतं.
उठताना म्हणे, "सांगतलं तर लोक बोलतीन. सावनेरपर्यंत जाईन गा हे."
म्हटलं, "माहं तं पयलेच गेलं तिथं."
सोमवारी साताला नकाशा घेऊन निघायचं आहे.