मोताळ्याच्या युवकांचा उजवा गुडघा

७ जुलै, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोज पाचला उठणे. (आज सहा वाजले, पण मनाने पाचलाच उठलो होतो.) ५ ऑगस्टला अमरावतीला प्रोफेसरपदाची मुलाखत. अकरा वर्षं असोसिएट. यंदा हुकलं तर रिटायर होईपर्यंत असोसिएटच. विषय ठरला: 'मोताळा तालुक्यातील जोखीमग्रस्त युवक'. महिन्यात पेपर सहज होईल.

१० जुलै, गुरुवार
मी कॉलेजात उघडलेल्या युवक समुपदेशन केंद्राला वर्ष झालं. दर गुरुवारी बारा ते दोन. आजवर आलेले युवक: शून्य. जोखीमग्रस्तांची हीच तर अडचण. एम.ए.ची समता तिथे बसते. तिला मी स्वतः तयार केलंय. पहिला नियम: समोरचा बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. हे समजावायला मला दीड तास लागला. ती मध्येच काही विचारू पाहत होती, विचारू दिलं नाही.

१४ जुलै
प्रश्नावली तयार, चाळीस प्रश्न. बी.ए.चे साठ युवक बसवले. फॉर्म कसा भरायचा ते कळावं म्हणून एक स्वतः भरून फळ्यावर चिकटवला. घाईत खरीच उत्तरं लिहिली गेली. नाव टाकलेलं नाही, त्यामुळे हरकत नाही. संशोधकाचा प्रभाव पडू नये म्हणून चहाला गेलो. दोन कप.

१९ जुलै
अद्भुत. अठ्ठावन्न फॉर्म तंतोतंत सारखे. इतका शुद्ध डेटा मी जन्मात पाहिला नाही. अठ्ठावन्न युवक कामं 'नेहमी' पुढे ढकलतात. अपयशाचं खापर 'नेहमी' दुसऱ्यावर फोडतात. सतरावा प्रश्न, 'माझं ऐकून घेणारं कुणी नाही': अठ्ठावन्न वेळा 'नेहमी'. वाचताना फार वाईट वाटलं. बिचारी पोरं.
उरलेले दोन फॉर्म वेगळे, त्यातला एक मागच्या बाकावरच्या अजहरचा. गांभीर्यच नाही. काढून टाकले. शिपाई सहदेव विचारत होता, सारे सारखेच काऊन हायेत सर. संशोधन त्याच्या आवाक्यातलं नाही.

२४ जुलै
मोठा शोध. 'शारीरिक तक्रार' या रकान्यात अठ्ठावन्न जणांनी लिहिलंय: उजवा गुडघा. आणि पोरांचं वय जेमतेम एकोणीस! म्हणजे ग्रामीण तणाव गुडघ्यात उतरतो. जगात कुणी हे मांडलेलं नसावं. (शोधून बघणे.) महामायाला जेवताना थिअरी समजावली. ती म्हणाली, पोरायचा गुडघा राहू द्या, अगोदर तुमचा दाखवा डॉक्टरले. बायको असून संशोधनात काडीचा रस नाही.

२ ऑगस्ट
पेपर पूर्ण. टायपिंग उद्या. सरासरी गुण १२० पैकी ९४, जोखीम तीव्र. शेवटचं वाक्य झकास जमलं: 'या व्यक्तींना तातडीने समुपदेशन न मिळाल्यास त्यांचे उर्वरित आयुष्य कुढण्यात जाईल.' पाचला उठणे मुलाखतीनंतर.

५ ऑगस्ट. परतीच्या एसटीत
समितीतल्या मॅडमनी पेपर सावकाश वाचला. मग विचारलं, तुम्ही आत येताना लंगडत होतात, कोणता गुडघा? म्हणालो, उजवा.
त्यांनी पेपर मिटून ठेवला. मला तिथेच फळा आठवला.

६ ऑगस्ट
प्रोफेसरपद गेलं. वर्गात जाऊन जाब विचारला. अजहर उठून म्हणाला, सर, तुमीच लावलं होतं फळ्यावर, पोरायले वाटलं बरोबर उत्तरं थेच हायेत. चूक पोरांचीच, असं मी इथे डायरीत आधी लिहिलं होतं. खोडलं.
फळ्यावरचा माझा फॉर्म सहदेवने जपून ठेवला होता. सतरावा प्रश्न पुन्हा वाचला. फार वाईट वाटलं, आणि या वेळी पोरांसाठी नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार
केंद्रात गेलो. समता एकटीच. रजिस्टर कोरं. मी तपासणीला आलो असं वाटून ती उभी राहिली. म्हटलं, बस, नाव लिही. वय चोपन्न. 'युवकाचे नाव' असं छापलेल्या रकान्यात तिने माझं नाव लिहिलं, हसली नाही.
दोन वाजून गेले तरी बोलत होतो. अकरा वर्षं, महामाया, गुडघा, सगळंच. ती मध्ये एकदाही बोलली नाही. शेवटी म्हणाली, पुढच्या गुरुवारी या सर, पण बाराले या, आज तुमी पाऊणले आले.