दहा वाक्यं, दोन पोरी

तांडा, सेनगावजवळ
२४ जून २००३

प्रिय दिपा,

लई लई आशीर्वाद. पास झाले गं! तुझी याडी दहावी पास झाली, आन् इंग्रजीत त्रेचाळीस मार्क! तुझ्या बानं निकालाचा कागद अख्ख्या तांड्यात फिरवला. नेमसिंगकाकाला झोपेतून उठवून दाखवला, त्याला वाचता येत न्हाई तरी. सोळा वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून काढली, आता सेविकेची जागा रिकामी होऊन राहिली, तिला दहावी लागते, म्हणून शाळेत न जाता बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. तू इथं असतीस तर पेढ्याचा पहिला तुकडा तुलाच दिला असता. पण तू भाऊबीजेला रुसून पुसदला गेलीस ती गेलीस. सात महिने झाले, ना पत्र ना फोन. तुझ्या तोंडून भावजयीचं नाव निघत न्हाई, आन् मिनाच्या तोंडून तुझं. मला माझी लेक पाहिजे आन् सूनही पाहिजे. तुमचं असंच राहिलं तर ह्या पेढ्याला काय चव? आपली गोरमाटी बोली कागदावर उतरत न्हाई, म्हणून मराठीत लिहून राहिले. चुकलं तर हसू नको.

इंग्रजी मला मिनानं शिकवलं. बारावी झालेली पोरगी, आन् दोन वर्षं माझ्या हाताखाली नुसत्या भाकरी थापत होती, मला काय ठाऊक तिच्या डोक्यात एवढं हाय म्हणून! कापूस वेचताना ती पुढच्या ओळीतून विचारायची, मी मागच्या ओळीतून उत्तर द्यायची. मला सगळ्यात तकलीफ दिली ती जास्त-कमीच्या शब्दांनी. व्हेरी, टू, इनफ, मोर, लेस, मोस्ट. मेले सगळे सारखेच दिसायचे. मग मिनानं भाजीवर आणलं. तिखट व्हेरी असलं तर पाणी पिऊन खायचं, टू असलं तर ताट सरकवायचं, आन् इनफ असलं की सासू गप जेवते. हे शेवटचं ती खाली मान घालून म्हणली, पण मला बराबर समजलं. मग चालण्यावर आलो. बा क्विकली चालतो, बैल मोर क्विकली. मोस्ट क्विकली कोण म्हणून विचारलं, तर म्हणली, जेवायला हाक मारली की पुन्हा बाच. मी एवढी हसले की ओटीतला कापूस सांडला.

संक्रांतीनंतर तिनं मला घरचा अभ्यास दिला. ह्याच शब्दांची दहा वाक्यं, घरातल्या माणसांवर. मी चुलीपुढं बसून एका दमात लिहून काढली. मला वाटलं, काय हुशार झाले मी! दिपा वर्क्स मोर क्विकली दॅन मिना. दिपा स्पीक्स मोर स्वीटली दॅन मिना. मिना इज टू स्लो. अशी दहा. मिनानं वही घेतली, लाल पेन घेतलं, आठ वाक्यांना बरोबरची खूण केली. दोन चुकली होती, ती दुरुस्त केली. मी मिना वर्क्स स्लो लिहिलं होतं, तिनं त्याचं स्लोली केलं. चुकलेल्या वाक्यात ती नीट हळू झाली न्हवती, तिनं स्वतःच्या हातानं स्वतःला नीट हळू केलं. वही माझ्या मांडीवर ठेवली आन् गोठ्यात शेण काढायला गेली. दिपा, मला तोंड लपवायला जागा राहिली न्हाई गं.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. पुन्हा दहा वाक्यं लिहिली, आता सगळ्यात मिना वर आन् तू खाली. तिला दाखवली तर तिला आनंद झालाच न्हाई. ती म्हणली, आत्या, ही तुमी ताईंना बोलून दाखवलेली हायेत ना? व्हय गं, तुला तेच तर बोलत आले. तू आलीस की मिना कशी कामसू, मिना कशी मायाळू. तू गेलीस की तिच्यापुढं तुझी पोथी. लेकी बोले सुने लागे म्हणतात, माझं तर दोन्हीकडून चालू होतं. मग मिना म्हणली, आता दोघी सारख्या असतील असं लिहा, अ‍ॅज आन् अ‍ॅज घालून. सांगते तुला, दुपार टळून गेली, एक वाक्य सुचलं न्हाई. रडू आलं. मिनानं माझ्या हातातून वही काढून घेतली आन् मला च्या करून दिला.

त्या च्याबरोबर मी तिला सगळं कबूल केलं, तुला लिहायचा धीर मात्र आजवर झाला न्हाई, आन् आता तुला करते, त्याच्यासाठीच हे पत्र हाय. तू माहेरी फकस्त घ्यायला येतीस, असं मिना म्हणली, हे मी तुला भाऊबीजेला सांगितलं, आन् तू ओवाळणीचं ताट तसंच ठेवून गेलीस. मिना तसं कधी बोलली न्हाई. ते शब्द माझे होते. तिची भाकरी जाड, तिला पाहुण्यांची रीत न्हाई, असं दिपा म्हणते, हे मी तिला सांगत आले. तू तसं कधी बोलली न्हाईस. तेही माझेच. आमच्यातल्या सगळ्या सासवा असंच करतात, आपलं बोलणं दुसरीच्या तोंडी घालतात, म्हणजे आपला वाईटपणा वाचतो. पण माझं अजून एक होतं. तू सासरी गेल्यावर घर सुनं झालं, मिना आली आन् पुन्हा भरलं. मला ती लई आवडायला लागली, आन् तुझ्यापुढं चोरी केल्यासारखं वाटायला लागलं. म्हणून तिला कमी करत राहिले, आन् तू दुखावलीस. माफ कर गं लेकरा. आता तीज येऊन राहिली, पोरी टोपल्यात गहू पेरतील, तू यायलाच पाहिजेस. जावयाला, कुलदीपला, माझा निरोप सांग, चार दिवस तुला अडवू नको म्हणावं. पुसदहून गाडी दुपारी सेनगावला येते. तुला घ्यायला स्टँडवर मी यायची न्हाई. मिना एकटी येणार हाय. तिला तुझ्याशी एकदा मी मधात नसताना बोलायचंय.

तुझीच,
याडी