नऊ सेकंदांची शांतता

२ मार्च, सकाळी ६
आजपासून रोजनिशी. कारण तसंच आहे. बारा एप्रिलला प्रोग रॉकचा, म्हणजे लांब गाण्यांच्या, अवघड तालांच्या रॉकचा फेस्टिव्हल. आमचा लाडका बँड येणार आणि अख्खं 'एकतीस' वाजवणार. गाण्याचं खरं नाव लांबलचक आहे. पण ते एकतीस मिनिटांचं असल्यामुळे आम्ही जाणकार नुसतं 'एकतीस' म्हणतो. अठ्ठावीस वर्षं कॅसेटवर ऐकतोय, आता समोर ऐकणार.
तिकिटं काढली. मी, बायको आणि मेहुणा.
संकल्प: एक, रोज चार किलोमीटर चालणे (दिवसभर उभं राहायचंय). दोन, सात मात्रांवर न चुकता टाळी. तीन, तिथे कोणालाही अडाणी म्हणायचं नाही. मनात चालेल.
ही वही कोणी वाचण्यासाठी नाही. तरी अक्षर स्वच्छ काढतोय.

३ मार्च
चाललो नाही. बूट सापडले नाहीत. सापडले तेव्हा ऑफिसची वेळ झाली होती.

६ मार्च
शांततेबद्दल लिहून ठेवायला हवं.
'एकतीस'मध्ये साडेचौदाव्या मिनिटाला ऑर्गनचा सूर लांबत लांबत विरतो. मग एक बारीकसा 'टक्'. मग शांतता. त्या शांततेत, कान देऊन ऐकलं तर, दूरवर कोणीतरी श्वास घेतल्यासारखा आवाज. आणि मग एकदम ड्रम्स, सातच्या तालात. मी वजनमापं खात्यात निरीक्षक आहे, दुकानांतले काटे तपासतो. अंदाजपंचे बोलणं माझ्या रक्तात नाही. ऑफिसच्या प्रमाणित स्टॉपवॉचने शांतता मोजली आहे. नऊ पूर्णांक दोन सेकंद.
एवढी वर्षं झाली, जगात कोणी या शांततेवर अवाक्षर लिहिलेलं नाही. लोकांना कान असतात, ऐकणं नसतं.
बायको बाहेरच्या खोलीत शिवणकाम करते, कपडे अल्टर करून देते. साडेचौदावं मिनिट आलं की ती मशीन थांबवते. लग्नानंतर सुरुवातीला मला ओठांवर बोट ठेवून खुणावावं लागे. आता आपण होऊन थांबते. बावीस वर्षांचे संस्कार.

११ मार्च
सातची टाळी. चार अधिक तीन, सोपं आहे. मी सहाला येतो किंवा आठला. सरासरी सात.
साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं की टेबल का वाजवताय, काही टेन्शन आहे का. सांगितलं, घरगुती आहे. त्यांनी सहानुभूतीने बारा एप्रिलची रजा मंजूर केली.

१५ मार्च
मेहुणा येऊन गेला. हा माझा कॉलेजचा मित्र. सगळ्या वर्गाला कॅसेट भरून द्यायचा म्हणून त्याचं नाव टेप्या. त्याच्या घरी कॅसेट आणायला खेपा घालता घालता त्याची बहीण माझी बायको झाली. 'एकतीस'ची कॅसेटही त्यानेच भरून दिलेली. पण त्याचं ते वेड तेवढंच. आता रोपवाटिका चालवतो आणि कानात इअरफोन घालून कसली कसली व्याख्यानं ऐकतो. आला, दीड तास खतांवर बोलला. मी मोठ्या मनाने ऐकून घेतलं.
फोनवर 'एकतीस' ऐकतोस का, असं त्याने विचारलं. म्हटलं, मूळ कॅसेट घरात असताना फोनवर ऐकणं म्हणजे घरची विहीर सोडून टँकरची वाट बघणं. आयुष्यात एकदाही ऐकलेलं नाही, ऐकणारही नाही.

२२ मार्च
मोठी बातमी. आमच्या 'विषम ताल' ग्रुपवर ठरलं की फेस्टिव्हलच्या दुपारी चाहत्यांचा मेळावा, आणि त्यात पाच मिनिटं माझं भाषण. विषय, अर्थातच, शांतता. एकाने ग्रुपवर विचारलं, कुठली शांतता. त्याची कीव आली.

३० मार्च
कॉलेजातला बँडचा टी-शर्ट काढला. डोक्यातून उतरला, खाली येईना. कापूस आटतो. बायकोने दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या जोडून दिल्या. म्हणाली, कापूस एका बाजूला चार बोटं आटलाय. मी वाद घातला नाही.
चालणं: शून्य किलोमीटर. पण मनाची तयारी पूर्ण.

८ एप्रिल
भाषण पाठ. पाच मिनिटांचं बावीस झालंय. एकही शब्द कापण्यासारखा नाही.
बायको घडीचं स्टूल बरोबर घेणार म्हणते. ठाम नकार दिला. 'एकतीस' बसून ऐकणं हा त्या गाण्याचा अपमान आहे.

१२ एप्रिल, सकाळी ११
पोचलो. मोठं मैदान, दोन स्टेज, तंबूत रेकॉर्डची दुकानं. चहूकडे माझ्यासारखे पन्नाशीला टेकलेले काळ्या टी-शर्टातले पुरुष आणि त्यांच्या पिशव्या धरून त्यांच्या बायका. माझी माणसं.

दुपारी १
गुडघा. किरकोळ.

दुपारी १.१०
स्टुलावर बसलोय. केवळ ते इथपर्यंत उचलून आणण्याचे कष्ट वाया जाऊ नयेत म्हणून.

दुपारी ४
भाषण झालं. श्रोते अकरा, पण निवडक. टेप्या आणि बायको माझ्यासाठी चहा आणायला गेले होते, त्यामुळे मुकले. त्यांचं दुर्दैव.
शांततेचा तात्त्विक अर्थ उलगडला. तो 'टक्' म्हणजे जुनं दार बंद होणं. तो श्वास म्हणजे गायकाचा. नवा जन्म घेण्यापूर्वीचा. एका पांढऱ्या दाढीवाल्याने अतिशय हळू विचारलं की तुमच्याकडची प्रत कुठली. म्हटलं, अगदी सुरुवातीची. त्याने चष्मा काढून पुसला. म्हणाला, चाळीस वर्षं गोळा करतोय, अशी प्रत असल्याचं कधी ऐकलं नव्हतं. मग अकराही जण खाली मान घालून काहीतरी लिहून घ्यायला लागले.
शेवटी सांगितलं: आज संध्याकाळी तो क्षण आला की मी उभा राहून हात वर करीन. हात खाली येईपर्यंत आसपास कोणी श्वासही मोठ्याने घ्यायचा नाही. सगळ्यांनी मान हलवली. अठ्ठावीस वर्षांत कोणी माझं बोलणं असं ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी ५.३०
बँड अर्ध्या तासात. टेप्याला विचारलं, शांततेच्या वेळी फोन बंद ठेवशील ना. त्यानेही विचारलं, कुठली शांतता. आज त्याला क्षमा. आज सगळ्यांना क्षमा.

संध्याकाळी ७.१५
लिहिता येत नाही.

१३ एप्रिल, दुपारी
आता लिहितो.
चौदावं मिनिट. ऑर्गनचा सूर लांबत चालला. मी उभा राहिलो. हात वर केला. मागे अकराही जण उभे राहिले, हे नंतर कळलं. माझ्या समोरच्या बाईंनी पर्सची चेन उघडली तर मी त्यांना मोठ्याने शू केलं. आणि त्याच क्षणी ड्रम्स. थेट. मध्ये काही नाही. सूर संपला तिथे ड्रम्स सुरू, नऊ सेकंद नाहीत, एक सेकंद नाही, सुई जाईल एवढी फट नाही.
मला वाटलं, चुकले. दहा हजार लोकांसमोर बँड चुकला. मी हात तसाच वर धरला, म्हणजे त्यांना आठवण होईल. मागचे लोक बसा बसा म्हणायला लागले. बायकोने शर्टाची पट्टी धरून मला स्टुलावर ओढलं. पट्टी अर्धी उसवली. ती ड्रम्सबरोबर टाळ्या वाजवत होती. चार अधिक तीन, बिनचूक. तिला कोणी शिकवलं, देव जाणे.
गाणं संपल्यावर टेप्याला म्हटलं, शांतताच खाल्ली यांनी. तो मैदानात खाली बसला आणि पोट धरून हसायला लागला. हसू ओसरल्यावर म्हणाला, "अरे, रेकॉर्ड पलटायला उठावं लागतं ना?"
गाणं लांब होतं, एका बाजूवर मावत नव्हतं. अर्धं या बाजूला, अर्धं त्या. टेप्याने टेपरेकॉर्डर स्पीकरसमोर ठेवून घरातल्या घरात भरलं होतं. पहिली बाजू संपली, सुई उचलली, टक्. रेकॉर्ड पलटली, सुई ठेवली. त्याने अतिशय चपळाईने केलं, असं त्याचं म्हणणं.
मी तपासणी केल्याशिवाय मानत नाही. तंबूत जाऊन रेकॉर्ड मागितली. लेबल वाचलं. पहिली बाजू, पहिला भाग. दुसरी बाजू, दुसरा भाग. दुकानदाराने विचारलं, घेणार का. म्हटलं, नाही, फक्त बघतोय. पांढरी दाढी समोरून येताना दिसली. मी पोस्टरांच्या मागे गेलो.

१६ एप्रिल
ग्रुपवर त्रेसष्ट मेसेज. विषय एकच: माझी दुर्मीळ प्रत. दाढीवाल्याने नम्र विनंती केली आहे की ती सर्वांसाठी टाकावी. परदेशातल्या एकाने विचारलंय, दर्शनाला आलो तर चालेल का.
उत्तर दिलं: प्रत नाजूक आहे, हाताळणं योग्य नाही. यात खोटं काहीच नाही. कॅसेट खरंच नाजूक आहे.

१७ एप्रिल
ऑफिसात एका दुकानाच्या काट्यात वीस ग्रॅमची खोट सापडली. दुकानदार गयावया करत म्हणाला की अठ्ठावीस वर्षं हाच काटा वापरतोय, कधी शंकाच आली नाही. एरवी मी झाडलं असतं. आज त्याला पाणी विचारलं.

१९ एप्रिल, दुपारी ३
सकाळी ग्रुपवर खरं लिहून टाकलं. दुर्मीळ प्रत नाही, मेहुण्याने रेकॉर्ड पलटली. एवढंच. एक अंगठा आला, दाढीवाल्याचा.
मग एक गोष्ट राहिली. 'टक्' म्हणजे सुई. शांतता म्हणजे टेप्या. मग तो श्वास कोणाचा? टेप्याला फोन केला. म्हणाला, मला काय विचारतोस, घरात विचार.
कॅसेट लावली. बाहेर मशीन चालू होतं. साडेचौदावं मिनिट आलं आणि मशीन थांबलं, सवयीने. टक्. आवाज पूर्ण मोठा केला. आज पहिल्यांदा श्वास म्हणून नाही, माणसाचा आवाज म्हणून ऐकला. बाईचा. मुलीचा. लांब, बहुतेक दारातून.
बाहेर जाऊन विचारलं, तू आहेस का ती. ही दोरा ओवत होती. वर न बघता हो म्हणाली. बारावीची परीक्षा होती, शेजारच्या खोलीत अभ्यास करत होती, दादाला सांगायला आली होती. काय सांगायला, ते विचारलं.
"बंद कर ते, डोकं उठलंय."
मग इतकी वर्षं बोलली का नाही?
"लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगायला आले होते. तू ओठांवर बोट ठेवलंस."
म्हणजे बावीस वर्षं मी हिला गप्प बसवत होतो, हिचंच ऐकण्यासाठी. आणि ही म्हणत काय होती, तर बंद कर. मला फार वाईट वाटलं. तसं तिला सांगितलं. म्हणाली, बरं, ती कात्री दे.
कात्री दिली. आत जाऊन टेप बंद केला. अठ्ठावीस वर्षं उशिरा, पण केला.
दोन मिनिटांनी बाहेरून विचारणा. अर्ध्यात का थांबवलं? पुढचे ड्रम्स तिला आवडतात, हात चांगला चालतो.
लावला. ती मशीनवर, बरोबर सातात. मीही टाळी धरून पाहिली.
आठला आलो.