डिक्कीतला शालू

अहो,

कुलूप तोडणाऱ्याला बोलावू नका. गाडीची बॅटरी उतरली आहे, म्हणून डिक्कीचं बटण चालत नाही; कुलूप ठणठणीत आहे. मीच उघडून गेले असते, पण चावी तुमच्या खिशात आणि कंपनीची बस दारात.

रिमोटमध्ये छोटी चावी असते, तिने पुढचं दार उघडा. मागची सीट पाडून डिक्कीत आडवे शिरा. डिक्कीच्या दाराला आतून बोटभर झाकण आहे. ते काढून खटका स्क्रू ड्रायव्हरने सरकवा. पोट अडलं तर भावजींना शिरायला सांगा. मोनिकावन्संचा आजचा साखरपुड्याचा शालू डाव्या कोपऱ्यात आहे, त्यावर पाय देऊ नका.

चाकणच्या कारखान्यात रोज दोनशे चाळीस गाड्यांना मी हेच कुलूप बसवते. काल आठ माणसं गाडीभोवती डोकं खाजवत होती. मी सांगायला तोंड उघडलं, तर तुम्ही मला चहा टाकायला आत पाठवलंत. मामंजी सगळ्यांना सांगतात ना, सून ऑफिसात बसते.

दोनला शिफ्ट सुटली की थेट साखरपुड्याच्या हॉलवर येते. घरी येऊन साडी नेसायला वेळ नाही, युनिफॉर्मवरच येईन. पाहुण्यांना माझी ओळख तुम्हीच करून द्या.

स्वरूपा