पत्ते वाटणारा डबा

तीर्थस्वरूप मावशीस,

लॅबच्या फरशीवरून साष्टांग नमस्कार. (टेबलाखाली वायर शोधायला शिरले होते, तिथेच पत्र लिहायला बसले. त्यामुळे नमस्कारासाठी वेगळं वाकावं लागलं नाही.) तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला थांबला का? तुमच्या घरातला इंटरनेटचा डबा मी मागून आणल्यापासून तुझा रोज फोन येतो, की डबा कधी देतेस, काकांचा बातम्यांवाचून जीव कासावीस होतो. मागून काकांच्या घोरण्याचा आवाज येत असतो, पण ते कासावीस होऊनच झोपले असतील असं मी धरून चालते. डबा सुखरूप आहे. नुसता सुखरूप नाही, प्रसिद्ध झालाय. ते कसं, हे सांगायलाच हे पत्र.

मी मुलांना नेमकं काय शिकवते, असं तू दर भेटीत विचारतेस आणि मी सांगायला लागले की तुला गॅसवरचं दूध आठवतं. आता दूध उतरवून ये. कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे कसे, हे मी शिकवते. कुठलंही यंत्र जागं झालं की पहिल्यांदा ओरडतं, मी आलोय, माझा पत्ता काय? मग इमारतीत एक डबा असतो, तो त्याला पत्ता देतो. पत्ता मिळाल्याशिवाय त्या बिचाऱ्याला कोणी ओळख देत नाही. याला आम्ही पत्ते वाटणं म्हणतो. (हसू नकोस. बत्तीशी पुढे कामाला येणार आहे.) आणि खेळात असतं तसंच इथेही आहे, वाटणारा एकच हवा. दोघं वाटायला बसले की डाव मोडला. हे सगळं मुलं माझ्याकडे हातांनी करतात. वायर सोलतात, आतल्या रंगीत तारा क्रमाने लावतात, उलट्या लागल्या की कपाळाला हात लावतात आणि पुन्हा सोलतात. पुस्तकातली वायर कधी उलटी लागत नाही, म्हणून पुस्तक वाचून हे कधी येत नाही.

आमच्या विभागप्रमुखांना (आम्ही त्यांना मागे ‘साहेब’ म्हणतो आणि पुढेही ‘साहेब’च म्हणतो, फक्त सूर बदलतो) हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, हे सगळं हल्ली पडद्यावर चित्रात जोडता येतं. चित्रातल्या वायरीला ना कात्री लागते ना खोली. तेव्हा लॅब बंद करावी आणि खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवाव्यात. मावशी, या मोडक्या खुर्च्यांचा माणसाला इतका कळवळा असतो हे मला ठाऊक नव्हतं. खोली गेली की पाठोपाठ मी जाणार हे उघड होतं, कारण चित्रातल्या वायरी शिकवायला माझी काय गरज? निर्णय तपासणी समिती देणार होती, समिती लॅब बघायला येणार होती, आणि माझ्याकडे एका टेबलापुरता डबा कमी होता. म्हणून तुझा आणला.

तो दिवस उजाडला. मी केस नीट विंचरले होते, यावरून प्रसंगाचं गांभीर्य ओळख. तुझा डबा मी ज्या जोडीला दिला त्यातल्या मुलाला सगळे ‘घाई’ म्हणतात आणि मुलीला ‘शंका’. घाई आधी करतो आणि मग विचारतो. शंका आधी विचारते आणि मग करतच नाही. दोघं मिळून एक शहाणा माणूस होईल या आशेने मी त्यांना एकत्र बसवलं होतं. तुझ्या डब्याची वायर टेबलावरची यंत्रं जोडणाऱ्या खोक्यात लावायची होती. घाईने ती भिंतीतल्या भोकात लावली. ते भोक म्हणजे अख्ख्या इमारतीचं नेट. झालं, यंत्रांनी पत्ता मागितला की इमारतीचा डबा खाकरेपर्यंत तुझा डबा पत्ता देऊन मोकळा. (शेवटी तुझ्याच घरातला. कोणी दारात आलं की विचारायच्या आधी बसवायचं.) बघता बघता अख्खी इमारत तुझ्या अमलाखाली आली.

पण तुझ्या डब्याला पुढे बाहेरची वाट नव्हती. त्यामुळे कोणी काही उघडलं की नुसतं चक्र फिरत राहायचं. त्याची तक्रार कोणी केली नाही, आमच्याकडे चक्र फिरतच असतं. फक्त एक गोष्ट डबा स्वतःहून दाखवत होता. तुला आठवतं, काका जेवणं सोडून फोनवर पत्ते खेळत बसतात म्हणून तू माझ्याकडून त्यात पत्त्यांवर बंदी घालून घेतलीस? आणि पत्ते उघडले की काय दिसावं हे तुझ्याच शब्दांत सांगितलंस? ‘वाढलंय. पत्ते पुरे. दुसऱ्यांदा हाक मारणार नाही.’

सगळ्यात आधी साहेब तणतणत आले. त्यांच्या पडद्यावर कोणीतरी बाई त्यांना जेवायला बोलावत होती आणि वर दमही देत होती. पाठोपाठ हेडक्लार्क आले, मग ग्रंथपाल आल्या. तक्रार एकच. मी तुझे शब्द ओळखले. दुसऱ्या क्षणी माझ्या ध्यानात आलं, की हा निरोप फक्त पत्ते उघडणाऱ्यालाच दिसतो, आणि ही सगळी मंडळी कामाच्या वेळेत रांग लावून आपापला गुन्हा कबूल करताहेत. मला इतकं हसू आलं की मी वायर दातात धरली.

एवढ्यात शंका पडद्यावरून मान वर करून म्हणाली, “मॅडम, इमारतीत दुसरंच कोणीतरी पत्ते वाटतंय.” साहेब उसळले. माझ्या विभागात जुगार? त्यांनी घाईची पिशवी टेबलावर पालथी केली. तीतून वायरीचे तुकडे, एक मोजा आणि अर्धं खोडरबर निघालं. नेमक्या त्याच वेळी दारात समितीच्या अध्यक्षबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात उघडा लॅपटॉप होता, आणि लॅपटॉपवर तू.

बाई शांतपणे म्हणाल्या, या कोण आहेत त्या मला शोधून द्या. आणि मावशी, माझ्या मुलांनी तुला शोधलं. प्रत्येक यंत्राला जन्मखुणेसारखा एक क्रमांक असतो. शंकाने तुझ्या डब्याचा क्रमांक काढला, मग जिन्याखालच्या कपाटात सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात तिथे तो कुठल्या भोकातून येतोय ते पाहिलं. तिथून घाई वायरीवर हात ठेवून निघाला आणि त्याच्या मागून बाकीची पोरं, समिती, साहेब, हेडक्लार्क अशी वरात. बोळ ओलांडला, वळण घेतलं, एक दार उघडलं आणि सगळे जिथून निघाले होते तिथेच आले. वायर आमच्याच भिंतीतून निघून तुझ्या डब्यात शिरत होती. घाईने ती उपटली. इमारतीत नेट परत आलं.

साहेबांचा चेहरा उजळला. पोरांच्या हातात वायरी दिल्या की हेच होणार, असं त्यांनी समितीला ऐकवलं. मी खाली बघून वायर गुंडाळू लागले, कारण झालं तर तसंच होतं. अध्यक्षबाईंनी मात्र शंकाला विचारलं, की माझ्या सहकाऱ्यांना नुसतं चक्र दिसत होतं, मलाच तो निरोप कसा आला? आयुष्यात एकही उत्तर खात्रीने न दिलेली ती पोरगी खणखणीत म्हणाली, “तो फक्त पत्ते खेळायला उघडले तरच येतो.”

साहेब पंखा पाहू लागले, ग्रंथपालांना काम आठवलं. बाईंनी लॅपटॉप हळूच मिटला आणि मग अशा हसायला लागल्या की घाईने त्यांना खुर्ची दिली. (मोडकी निघाली. ती आपल्या जागेवर आधीच येऊन बसली होती.) डोळे पुसत म्हणाल्या, चित्रातली वायर चुकीच्या भोकात गेली असती, तर ती शोधायला इतकी पोरं इतक्या आनंदाने पळाली नसती. लॅब राहील. मला रडू आलं. चारचौघांत कशाला, म्हणून मी टेबलाखाली शिरून रडले. सगळ्यांना वाटलं वायर शोधतेय.

काकांना नमस्कार, गुडघ्याला तेल, आणि तुला तुझ्याच शब्दांत, वेळेवर जेव.

तुझी,
वायरीत अडकलेली भाची

ता. क. बाईंनी अहवालात लिहिलंय, की हा धडा दरवर्षी प्रत्येक तुकडीला द्यावा. मुलांनी त्याचं नाव ‘मावशी शोधा’ ठेवलंय. आता मावशीशिवाय मावशी शोधणार कशी? तेव्हा डबा कायमचा मलाच राहू दे. मी नवा आणून देते.

ता. क. २. तू नाही म्हणशील हे ठाऊक आहे. म्हणून सांगते, डबा बंद करताना मी त्याच्या आतली बंदीची यादी पाहिली. बंदी घरातल्या सगळ्या यंत्रांना आहे, फक्त एकाला सूट आहे, आणि ती मी दिलेली नाही. त्या यंत्राचं नाव ‘स्वयंपाकघर, पाककृती’. मावशी, रोज दुपारी इतक्या पाककृती बघून आमटी तीच कशी गं? आणि तुला म्हणे यातलं ओ की ठो कळत नाही. हुकमाचं पान माझ्या हातात आहे. काकांपुढे टाकायचं की नाही, ते तू ठरव.

ता. क. ३. वरची धमकी रद्द. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात काकांचाच फोन आला, दबक्या आवाजात. म्हणाले, डबा लवकर आण, ही दुपारभर हात चोळत बसते, मला बघवत नाही. आणि रोज खोटं खोटं घोरून घसा बसलाय, पण थांबलो तर तिला वाटेल मी दुपारी जागाच असतो, मग डबा आल्यावर ती निवांत खेळणार कशी? शनिवारी नवा डबा घेऊन येते. तुझ्या पत्त्यांचा पत्ता काकांना केव्हाच लागला होता. त्यांचा खोकला नव्हता गं तो.