दहाव्याचा कावळा

शिरूर, भाद्रपद १९५६

गेनूदादा,

परवा दौंडच्या फलाटावर निळ्या कपड्यात हिरवं निशाण धरलेला माणूस तूच होतास. मी हाक मारली. तू बघितलंस आन् मान खाली घातलीस. तुझा डबा घेऊन आलेली बाई लेकरू कडेवर घेऊन शेजारी उभी होती.

ब्रह्मदेशाच्या लढाईत तू गेल्याची तार आली, तवा दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. आबा बोलून थकले. शेवटी तुझ्या बायकोनं, सोजरावहिनीनं, पदर पसरला, "मी दुसरं घर करणार न्हाई, पण आता शिवा." तरी शिवला न्हाई. तवापासून दर पित्राला ती पान ठेवती आन् कावळा फिरकत न्हाई. तुझी कसली इच्छा राहिली म्हणून ती झुरत बसती. अरे, तू जिवंत होतास!

हे तिला कसं सांगू? तुलाच विचारावं म्हणून लिहायला बसले, तेवढ्यात ती अंगणातून धावत आली. आज पान ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला.

"सुटले गं ते," म्हणाली, आन् माझ्या गळ्यात पडून हसली.

पत्र टाकत न्हाई. तू गेलेलाच राहा.

तुझी बहीण,
झुंबर