चारशे बारा आणि एक बाद

मी, यानिक केर्वादेक, वय सव्वीस, मूळ राहणार प्लूवेल, ब्रिटनी, सध्या दक्षिण समुद्रात मासेमारी बोटीवर खलाशी, पूर्ण शुद्धीत, न पिता आणि कुणी भरीस न घालता हे लिहितो. मृत्युपत्र सगळं स्वतःच्या हातानं लिहिलेलं असलं तरच कायद्यानं चालतं, म्हणून अक्षर सोसून घ्यावं. गेल्या आठवड्यात आमच्यातल्या एकाला लाट घेऊन गेली. त्यानं काही लिहून ठेवलं नव्हतं.

१. बँकेत असेल ते आणि मोपेड बहीण नोल्वेन हिला. ब्रेक लागत नाहीत, तिला माहीत आहे.

२. पोस्टरं चिकटवायचा ब्रश आणि खळीची बादली वडील श्री. आर्मेल केर्वादेक यांना परत. तीस वर्षं पोस्टमन, प्रत्येक संपात पुढे, मग डाव्यांच्या यादीवर तीनदा मेयर. शाळेत मला अक्षर वळेना, तेव्हा पोस्टाच्या रद्दी फॉर्मांवर त्यांनीच गिरवून घेतलं.

३. खडीच्या खाणीचे मालक आणि आताचे मेयर लुसियां केमेनेर यांना काही नाही. पोस्टाची खिडकी त्यांनी बंद होऊ दिली. माझ्या दफनाला त्यांनी मेयरचा तिरंगी पट्टा घालून येऊ नये.

४. हे कलम लिहायला चार दिवस लागले. बाबांच्या चौथ्या निवडणुकीत मी मतदानाच्या पडद्याआड त्यांच्या उमेदवार-यादीच्या छापील मतचिठ्ठीवर निळ्या पेन्सिलीनं लिहिलं, "पोस्टमन, हटायचं नाही!" चिठ्ठीवर काही लिहिलं की मत बाद होतं. बाबांनी शंभरदा सांगितलं असेल, पण मी कधी कुणाचं ऐकलं?

मोजणीला अध्यक्ष बाबाच होते. चिठ्ठी उघडल्यावर समोरच्या यादीचे केमेनेर म्हणाले, "अहो मेयरसाहेब, तुमच्या मतदारांना आधी शाळेत घाला!" सगळे हसले. मीही हसलो. बाबांनी चिठ्ठी दिव्याखाली धरली, जरा जास्तच वेळ. मग म्हणाले, "नियम आहे. बाद."

शेवटी चारशे बारा, चारशे बारा. मतं सारखी पडली की सरासरी वय जास्त असलेली यादी जिंकते. बाबांनी हट्टानं आपल्या यादीत तरुण पोरं घेतली होती.

पट्टा घडी करून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "चल, खुर्च्या आवर." त्यावर पुढं कधी एक शब्द नाही. अक्षर त्यांनी ओळखलं की नाही, मला आजवर कळलेलं नाही. महिन्याभरात मी बोट पकडली.

स्वयंपाकी होआरो म्हणतो, "म्हणजे तू मेल्यावरच म्हाताऱ्याला कळायचं? फोन कर की, गधड्या!" तीनदा केला. तिन्ही वेळा ते म्हणाले, "वारा कसाय?" आणि मी वारा सांगितला.

५. माझ्या मागे हा कागद बाबांना द्यावा. अक्षर बघावं. बाबा, ते मत तुमचंच होतं.

कायद्याला साक्षीदार लागत नाहीत, तरी दोघांनी सह्या केल्या आहेत.

जोझे होआरो, स्वयंपाकी. (सही करताना म्हणाला, "फोन अजून चालू आहे, बरं का.")
तिआना रझाफी, खलाशी.

सही: यानिक केर्वादेक
बोटीवर, केर्गेलेन बेटांच्या पूर्वेला, ९ नोव्हेंबर २०१७